मागच्या तारखेची नोंद

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला प्रेमातलं काही कळत नाही, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. कवीला कळतं, गवयाला कळतं, कॉलेजच्या कँटीनमधल्या पोऱ्यालासुद्धा कळतं; पण काउंटरच्या आत बसून दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्याचं काळीज म्हणे रबरी शिक्क्यासारखं होऊन जातं. आमच्या सौभाग्यवतींचं मत याहून फारसं वेगळं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तिला साडीऐवजी रिकरिंगचं पासबुक दिलं, ही गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते. साडी एव्हाना बोहारणीकडे गेली असती आणि रिकरिंगवर मात्र व्याज मिळालं, हा मुद्दा पाहुण्यांना पटतो. तिला पटत नाही.

तरीही माझं नम्र म्हणणं असं आहे, की पैसा आणि गमावलेलं प्रेम या दोन गोष्टींची एकत्र गाठ पडते, तेव्हा ती नीट पाहायला बँकेच्या काउंटरइतकी चांगली जागा नाही. नॉमिनेशनच्या फॉर्मवर नाव लिहिताना माणसाचं पेन कुठे अडखळतं, ते आम्हाला दिसतं. कवीला ते कल्पनेनं रंगवावं लागतं. (हल्ली सरकारी बँकांत आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. त्यामुळे दृष्टी सुधारली आहे असं नाही. पण पाटी लांबली आहे.)

तर प्रश्न असा. गेलेला काळ पैशाने परत विकत घेता येतो का? आणि समजा येत असला, तर तो घेण्याचा माणसाला हक्क आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बँकेत रोज सकाळी मिळतं. आमच्याकडे ‘व्हॅल्यू डेट’ नावाची एक सोय असते. चेक आज जमा झाला, पण हिशेबाने तो परवाच जमा व्हायला हवा होता, तर नोंद आजची करायची आणि व्हॅल्यू डेट परवाची टाकायची. व्याज परवापासून मिळतं. ग्राहकाला वाटतं, बँकेने काळ दोन दिवस मागे ढकलला. तसं काही नसतं. नोंद आजचीच असते, फक्त तिचा परिणाम मागे नेलेला असतो. रात्री एकदा ‘डे एंड’ झाला, की जनरल मॅनेजर आले तरी संगणकातली तारीख उलटी फिरत नाही. तरीसुद्धा दर महिन्याला कोणीतरी येतंच: “साहेब, गेल्या महिन्यात एफडीचा रेट जास्त होता. मागच्या तारखेनं करून द्या की!” मी नाही म्हटलं की असं बघतो, जणू तारखा मी घरच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या आहेत.

या मागच्या तारखेच्या मागणीवर जगातली एक फार गाजलेली गोष्ट उभी आहे. ती म्हणजे ‘द ग्रेट गॅट्सबी’. अमेरिकन लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड याने ही कादंबरी १९२५ साली लिहिली. तेव्हा ती फारशी खपली नाही आणि १९४० साली, वयाच्या ४४व्या वर्षी, लेखक स्वतःला अयशस्वी समजतच वारला. पुढे तिच्यावर चित्रपट निघाले. १९७४च्या चित्रपटात रॉबर्ट रेडफर्ड होता, २०१३च्या चित्रपटात लिओनार्डो डिकॅप्रिओ. या दुसऱ्याला आमच्या ब्रँचमधून पाच जण गेलो होतो, कारण त्यात अमिताभ बच्चन आहे अशी पक्की खबर कॅशियरने आणली होती. अमिताभ होता, पण पॉपकॉर्न घेऊन परत येईपर्यंत निघूनही गेला. उरलेला पिक्चर कॅशियर झोपला. मी मात्र जागा राहिलो, कारण मला पडद्यावर एक अस्सल बँकेचा ग्राहक दिसत होता.

गोष्ट थोडक्यात अशी. गॅट्सबी हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. सैन्यात असताना एका श्रीमंत घरच्या डेझीच्या प्रेमात पडतो. तो युद्धावर जातो, ती वाट पाहून शेवटी एका गडगंज माणसाशी लग्न करते. मग हा पाच वर्षांत भल्याबुऱ्या, बहुतेक बुऱ्याच, मार्गांनी अफाट पैसा करतो. तिच्या घरासमोर खाडीपलीकडे राजवाड्यासारखा बंगला घेतो. शेकडो माणसांना मेजवान्या देतो, कशासाठी, तर एखाद्या रात्री ती चुकून येईल म्हणून. रोज रात्री तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा बघत उभा राहतो. ती एकदाची येते, तेव्हा तो कपाटातले परदेशी शर्ट तिच्यापुढे ढिगाने टाकतो आणि ती त्या शर्टांत तोंड खुपसून रडते.

हा शर्टांचा प्रसंग पाहताना आमच्या पिंपरी-चिंचवडच्या माणसाला दुसरं काय आठवणार? आमच्या भोसरीचे दत्ता फुगे यांनी तीन किलोंहून जास्त सोन्याचा, सव्वा कोटीच्या घरातला शर्ट करून घेतला होता. २०१३ साली त्याचे फोटो जगभर छापून आले. आम्ही सगळे हसलो. या शर्टाला इस्त्री कशी करतात, लॉन्ड्रीवाला पावती कसली देतो, असे विनोद महिनाभर चालले. २०१६ साली त्यांचा निर्घृण खून झाला आणि ते हसू घशात अडकलं. त्या शर्टाच्या आत एक माणूस होता, हे आपल्याला फार उशिरा आठवलं. श्रीमंती पाहणाऱ्यांची गर्दी फुकट मिळते. गॅट्सबीच्या मेजवान्यांना शेकडो लोक येत. त्याच्या अंत्यसंस्काराला बोटांवर मोजण्याइतके आले.

पण गॅट्सबीचं खरं दुखणं श्रीमंती नव्हे. तसं असतं तर डेझी त्याच्याकडे आली, तिथेच गोष्ट संपली असती. त्याला ती नुसती नको असते. तिने नवऱ्याच्या तोंडावर सांगायला हवं असतं, की माझं तुझ्यावर कधी म्हणजे कधीच प्रेम नव्हतं. म्हणजे मधली पाच वर्षं खोडायची आणि मागच्या तारखेने सगळं पुन्हा लिहायचं. मित्र समजावतो, की बाबा, झालेलं पुन्हा होत नसतं. तर याला त्या मित्राच्या अडाणीपणाचंच नवल वाटतं. कादंबरीत एक लहानसा तपशील आहे, आणि कॉमर्सच्या माणसाच्या तो नेमका डोळ्यांत भरतो. डेझीला एक लहान मुलगी आहे. गॅट्सबी त्या पोरीला पहिल्यांदा बघतो तेव्हा चकित होतो. ती आहे यावर त्याचा आतापर्यंत विश्वासच नव्हता! पाच वर्षं त्याने जो हिशेब मांडला, त्यात ही एक नोंद धरलेलीच नव्हती. आता ही पोर कुठल्या तारखेने रद्द करायची?

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात, की प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असतेच. एका खात्यात पैसे आले, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून ते गेले. गॅट्सबीची चोपडी एकेरी नोंदीची आहे. त्यात फक्त त्याचं येणं आहे. डेझीच्या पाच वर्षांचं काय, तिच्या लेकीचं काय, हे रकाने कोरे.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण आपल्याकडे, आमच्या पिंपरीपासून तासाभराच्या अंतरावर, याच प्रश्नाचं जास्त नीट उत्तर १९३७ साली देऊन ठेवलेलं आहे, आणि ते आपण विसरलो आहोत. तो चित्रपट म्हणजे प्रभातचा ‘कुंकू’. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. पुण्यात ज्या प्रभात स्टुडिओत तो झाला, तिथे आज चित्रपटाचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’.

मी ‘कुंकू’ पहिल्यांदा पाहिला तो लहानपणी, दूरदर्शनवर, आजीशेजारी बसून. काकासाहेब हे सुखवस्तू वकील, वय झालेले, विधुर, मुलं मोठी झालेली. पोरक्या नीराचं तिला फसवून, पैशाच्या लोभाने या म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलं जातं. नीरा सांगते: लग्न लागलं असेल, पण मी हे मानणार नाही. शांता आपटेंची ती नीरा आणि केशवराव दात्यांचे ते काकासाहेब. केशवराव पडद्यावर आले की आजी सुपारी कातरायची थांबायची आणि त्यांना उद्देशून जे बोलायची, ते इथे छापता येणार नाही. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले-दारातले खरे आवाजच तेवढे आहेत. त्यामुळे आजीचे शब्दही त्यात बेमालूम मिसळून जात.

‘कुंकू’मध्ये भिंतीवरचं एक जुनं घड्याळ आहे. ते म्हणजे काकासाहेबच. खिळखिळं झालेलं, तरी टोले देण्याचा हट्ट न सोडणारं. गंमत म्हणजे गॅट्सबीच्या गोष्टीतही घड्याळ आहे. पाच वर्षांनी डेझी भेटते त्या दिवशी तो एका बंद पडलेल्या घड्याळाला डोकं टेकून उभा राहतो, ते पडायला येतं आणि हा थरथरत्या हातांनी ते सावरतो. समुद्रापलीकडचा एक आणि पुण्यातला एक, दोघांचाही धंदा एकच: पैसे देऊन काटे मागे फिरवायचे. एकाला पाच वर्षं हवी आहेत, दुसऱ्याला पस्तीस. आणि दोघांनाही ती दुसऱ्याच्या खात्यातून हवी आहेत.

मग फरक कुठे आहे? फरक शेवटात आहे. आपण गॅट्सबीसाठी डोळे पुसतो आणि काकासाहेबांना शिव्या घालतो. पण मला विचाराल, तर त्या दोघांत मोठा माणूस काकासाहेबच. कारण त्यांना एक दिवस समोरची मुलगी दिसते. बायको म्हणून नव्हे, हक्क म्हणून नव्हे, मुलगी दिसते. आपण हिचं आयुष्य नावे टाकून आपलं जमा करायला निघालो होतो, हे त्यांना उमगतं. ते तिला लेक मानतात, मोकळी करतात आणि तिने पुन्हा संसार मांडावा असं लिहून ठेवून आपलं जीवन संपवतात.

हा शेवट मला लहानपणी फार भयंकर वाटला होता आणि आजही तो मला योग्य वाटत नाही. चूक कळलेला म्हातारा जिवंत राहिला असता, तर कुणाचं काय बिघडत होतं? मोकळं करायला मरावं कशाला लागतं? पण याचं एक उत्तर सरकारी दप्तरात आहे. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने वाट करून दिली होती १८५६ साली. सारडा कायदा झाला १९२९ साली. (तो ‘संगीत शारदा’वरून नव्हे, हरबिलास सारडांच्या नावाने, देवलांनी म्हातारा नवरदेव रंगभूमीवर आणला तो त्याच्या तीस वर्षं आधी, १८९९ साली.) पण सारडा कायद्याने फक्त वय पाहिलं. मोठ्या वयाच्या मुलीला फसवून दिलं, तर त्यात काही बसत नव्हतं. आणि घटस्फोट? तो मुंबई इलाख्यात हिंदूंना मिळाला १९४७ साली आणि साऱ्या देशात हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली. म्हणजे १९३७ साली नीरासारख्या घरातल्या मुलीचं खातं बंद करायला फॉर्मच छापलेला नव्हता. एकच फॉर्म होता, आणि त्यावर ‘खातेदार मयत’ असं लिहावं लागत होतं. काकासाहेबांनी तो भरला. त्यांच्या मरणातला निम्मा दोष मी कायदेमंडळाच्या नावे टाकतो.

आता तुम्ही म्हणाल, हे झाले सिनेमे. आमच्या चाकण-पिंपरी पट्ट्यात कोण असले खेळ करतो? इथे सकाळी कंपनीची बस आणि रात्री नाशिक रस्त्यावरचा ट्रॅफिक. प्रेम करायला माणूस घरी पोचायला तर पाहिजे!

तर ऐका. आमच्या एका ग्राहकाची गोष्ट सांगतो. आपण त्यांना नुसतं अण्णा म्हणू. चाकणजवळच्या गावचे. एके काळी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि भुईकोट किल्ला. तरुणपणी अण्णांचं शेजारच्या गावातल्या एका मुलीवर मन बसलं. तिचंही नाही असं नव्हतं. पण तेव्हा या भागात लग्नाच्या बाजारात एकच चलन चालायचं: ‘कंपनीत परमनंट’. पोरगा काळा असो, तिरळा असो, परमनंट आहे ना, मग द्या. मुलीच्या बापाने सांगितलं, “कांद्याच्या भरवशावर पोरगी देत नसत्यात.” आणि तिला पिंपरीच्या एका परमनंटला दिलं. त्यानं महिन्याच्या महिन्याला पगार आणला, दिवाळीला बोनस आणला, संसार झाला.

पुढे औद्योगिक वसाहत चाकणला आली. काही जमीन संपादनात गेली, त्याचे पैसे आले. उरलेली गुंठ्यावर गेली. चाळीस गुंठ्यांचा एकर असतो, हे आम्ही शाळेत शिकलो. पण एका गुंठ्यात किती शून्यं असतात, ते चाकणला शिकलो. कांद्याच्या भरवशावरचा माणूस कोट्यधीश झाला आणि तो परमनंट स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसला. अण्णांनी मग काय करावं? तो जिथे घर बांधून राहत होता, त्याच गल्लीत समोरचा प्लॉट दुप्पट भावाने घेतला आणि तीन मजली बंगला बांधला. गच्चीवर घोड्यांचे दोन पुतळे. घोड्यांची तोंडं रस्त्याकडे असतात. यांची समोरच्या घराकडे.

वास्तुशांतीला आम्ही स्टाफ गेलो होतो. समोरच्या घरचंही आमंत्रण होतं. ती बाई नवऱ्याबरोबर आली. अण्णांनी स्वतः तिन्ही मजले फिरवून दाखवले. सोनेरी नळ, इटालियन मार्बल, झुंबर. ती सगळं शांतपणे बघत होती. शेवटी म्हणाली, “छान आहे हो अण्णा. पण एवढ्या काचा पुसतं कोण?” मग आहेराचं पाकीट दिलं, नवऱ्याच्या गुडघ्याला जिना सोसत नाही म्हणून त्याचा हात धरला आणि पायऱ्या उतरून गेली. बस. तीस वर्षांचा हिशेब त्या एका वाक्यात तिने मिटवला. ती रागावली नव्हती, पस्तावली नव्हती, दिपलीही नव्हती. तिची तीस वर्षं तिची होती. तिने ती खर्चून जगून घेतलेली होती. त्यातली एकही खोडायचं तिला कारण नव्हतं.

पण या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस अजून यायचाच आहे. पंधरा दिवसांनी अण्णांच्या मंडळी बँकेत आल्या. जॉइंट खातं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. नऊवारी साडी, कपाळाला मोठं कुंकू. पासबुक भरून घेताना मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, “वहिनी, बंगला झकास झालाय.” त्या पासबुकाकडे बघतच म्हणाल्या, “व्हय. कुणासाठी बांधलाय ते मला ठावं हाय. धुणं तेवढं माझं वाळतंय तिथं.”

मी बावीस वर्षं बँकेत आहे. खोट्या सह्या पाहिल्या, फाटक्या नोटा पाहिल्या, बुडीत कर्जं पाहिली. पण इतकी स्वच्छ ताळेबंदाची ओळ मी दुसरी पाहिलेली नाही. अण्णांच्या हिशेबात त्यांचं स्वतःचं दुःख होतं, ती समोरची होती, तिच्या बापाचा अपमान होता, गुंठ्याचा भाव होता. कांदे काढताना बरोबरीने वाकलेली ही बाई तेवढी कुठल्याच रकान्यात नव्हती. गॅट्सबीला निदान बायको नव्हती. अण्णांना होती आणि तिला दिसत होतं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. गेलेल्या प्रेमाची हळहळ वाटायला हरकत नाही. ती कुणाला चुकली आहे? जुन्या गाण्याला डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं, टॅक्स लागत नाही. पैसा करायलाही हरकत नाही. हरकत आहे ती वसुलीला. ‘मी एवढं सोसलं, म्हणून आता तुझी वर्षं माझी’ असं म्हणण्याला. कारण ती वर्षं कधीच आपल्या नावावर नसतात. ती दुसऱ्या कुणीतरी उन्हातान्हात, पाळण्यात, दवाखान्यात, शिफ्टच्या डब्यात जमा केलेली असतात.

बँकेत दोन वर्षं हालचाल झाली नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. तरीही मालकाने कागदपत्रं आणली तर नियमाप्रमाणे त्याचे पैसे परत मिळतात. हा नियम पैशांना आहे आणि फार चांगला आहे. माणसांना तो लावायला गेलं की घोटाळा होतो. मग कुणी बंगले बांधतो, कुणी सोनं शिवतो, कुणी हिरव्या दिव्याकडे बघत रात्री काढतो.

संगणक येण्याआधीच्या लेजरमध्ये खोडायची सोय नव्हती. रबर वापरला तर इन्स्पेक्शनवाले नोकरीवर यायचे. पान भरलं की खाली रेघ मारायची, जी असेल ती शिल्लक लिहायची, आणि ‘पुढे ओढली’ असं लिहून पान उलटायचं. जुने हेडक्लार्क सांगत, शिल्लक कमी असली तरी चालेल, पण ओढायची पुढेच.